हाताच्या पाठीशी धड

प्रतिनिधी

लिहिताना बोटे लवकर भरून येऊ लागली, बरणीचे झाकण उघडेनासे झाले, संगणकासमोर तासभर बसल्यावर खांदा ठणकू लागला की आपले लक्ष साहजिकच हाताकडे जाते. कोणी रबरी चेंडू दाबायला सांगतो, कोणी मनगटाला पट्टा बांधायला सुचवतो, तर घरातील वडीलधारी मंडळी तेल चोळण्याचा सल्ला देतात. या उपायांना आपापली जागा आहेच. परंतु या खटाटोपात एका मोठ्या स्नायुसमूहाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तो समूह म्हणजे पोट, पाठ आणि कंबर यांचे स्नायू. व्यायामशाळेच्या परिभाषेत 'कोअर'.

'कोअर' म्हटले की चित्रपटातील नायकाचे 'सिक्स पॅक' डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या स्नायूंचे मुख्य काम दिसण्याचे नसून धड सावरून धरण्याचे आहे. हे काम ते न थकता किती वेळ करू शकतात, त्यावर हाताच्या कामाचा दर्जाही काही अंशी अवलंबून असतो, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. शाळकरी मुलांपासून पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांपर्यंत अनेकांच्या दृष्टीने हे नाते महत्त्वाचे आहे. ते नेमके काय आहे आणि त्याची मर्यादा कुठे येते, हे जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरावे.

धडाचा डबा

धडाच्या मधल्या भागाची कल्पना एखाद्या डब्यासारखी करता येईल. वरचे झाकण म्हणजे श्वासपटल, तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढील व बाजूच्या भिंती म्हणजे पोटाच्या स्नायूंचे थर आणि मागील भिंत म्हणजे मणक्यांना बिलगून असलेले पाठीचे स्नायू. पोटाच्या थरांपैकी सर्वांत आतला थर 'ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस' या नावाने ओळखला जातो. तो कमरपट्ट्यासारखा आडवा वेढलेला असतो. हे सारे स्नायू एकाच वेळी बेताने आवळले गेले की पोटाच्या पोकळीतील दाब वाढतो आणि मणक्यांच्या माळेला आधार मिळतो.

आता हाताकडे वळू. हात धडाशी हाडाने केवळ एका ठिकाणी जोडलेला आहे, तो म्हणजे कॉलर बोन जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते ती जागा. खांद्यामागचे त्रिकोणी हाड, ज्याला आपण खवाटा म्हणतो, ते तर बरगड्यांच्या पिंजऱ्यावर केवळ स्नायूंच्या आधाराने तरंगत असते. त्याला जागेवर धरणारे काही स्नायू मणक्यांपासून निघतात, काही बरगड्यांपासून. पाठीचा एक मोठा, पसरट स्नायू तर कमरेपासून निघून थेट दंडाच्या हाडापर्यंत पोहोचतो. थोडक्यात, हाताला उचलणाऱ्या आणि दिशा देणाऱ्या दोऱ्यांची दुसरी टोके धडालाच बांधलेली आहेत. ज्या खुंटीला दोरी बांधली ती खुंटीच हलत असेल, तर दोरीने ओढण्याचा उपयोग काय?

याचा अनुभव मुंबईकर रोज घेतात. लोकल स्थानकात उभी असताना मोबाइलवर सहज टाइप करणारी बोटे गाडीने रूळ बदलताच चुकू लागतात. बोटांमध्ये काहीच बिघडलेले नसते. शरीर डोलू लागल्यामुळे नेम धरणे अवघड झालेले असते, इतकेच.

हात हलण्याआधीच...

या नात्याचा सर्वांत रंजक पुरावा मिळतो तो वेळेच्या मोजमापातून. उभ्या असलेल्या माणसाने हात झटकन पुढे उचलला की शरीराचा तोल किंचित ढळतो. मेंदूला हे आगाऊ ठाऊक असते. १९६७ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील बेलेंकी, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव्ह या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हात उचलणारा खांद्याचा स्नायू कामाला लागण्यापूर्वीच पाय आणि धडाचे स्नायू कार्यरत होतात. हात उचलण्याच्या आज्ञेसोबतच मेंदू 'आधी तोल सांभाळा' असाही आदेश देतो, असे म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये हा विचार पुढे नेला. त्यांनी पोटाच्या आतल्या थरात बारीक तारा घालून स्नायूंचे विद्युत संकेत टिपले. निरोगी व्यक्तींमध्ये ट्रान्सव्हर्सस हा स्नायू हाताच्या हालचालीच्या आधी आकुंचन पावत होता. पुढील प्रयोगात असेही दिसले, की हात पुढे जावो, मागे जावो की बाजूला, या स्नायूची आगाऊ तयारी बदलत नव्हती. कंबरदुखीचा वारंवार त्रास असलेल्या व्यक्तींमध्ये मात्र हा स्नायू उशिरा जागा होत असे. त्यांचा हात आधार तयार होण्यापूर्वीच निघालेला असे. मोजायला गेल्यास हे अंतर सेकंदाच्या काही शतांशांचे आहे. परंतु दिवसभरात हात हजारो वेळा हलतो, हे लक्षात घेतल्यास त्याचे महत्त्व कळते.

ताकद वेगळी, दमदारपणा वेगळा

इथे एक गल्लत टाळायला हवी. स्नायूंची ताकद म्हणजे एका झटक्यात किती जोर लावता येतो ते. दमदारपणा म्हणजे बेताचा जोर किती वेळ टिकवता येतो ते. खुर्चीत ताठ बसून लिहिण्यासाठी धडाच्या स्नायूंना त्यांच्या कमाल ताकदीचा अगदी थोडा हिस्सा खर्चावा लागतो. पण तो सलग, तासन् तास खर्चावा लागतो. म्हणूनच वजने उचलणाऱ्या बळकट तरुणाची पाठही संगणकासमोर दोन तासांत वाकते, आणि विळीवर बसून लग्नघरची भाजी चिरणारी एखादी सडपातळ आजी मात्र पाठीला टेका न लावता दोन्ही हात मोकळे ठेवून काम करत राहते. मैफलीत मांडी घालून बसलेल्या तबलावादकाची बोटे विजेसारखी चालतात, तेव्हा त्याचे धड किती निश्चल असते, हेही पाहण्याजोगे आहे.

धडाचा दमदारपणा मोजण्याच्या सोप्या चाचण्या आहेत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅगिल यांनी सहकाऱ्यांसमवेत १९९९ मध्ये निरोगी तरुण-तरुणींच्या अशा चाचण्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली. एका कुशीवर वळून, कोपर व पावलांच्या आधारे शरीर सरळ उचलून धरण्याच्या चाचणीत तरुण सरासरी सुमारे दीड मिनिट, तर तरुणी सव्वा मिनिटाच्या आसपास टिकल्या. पालथे झोपून कमरेपासून वरचे शरीर अधांतरी धरण्याच्या चाचणीत मात्र चित्र उलटे होते. तरुण सुमारे अडीच मिनिटे टिकले, तर तरुणींनी तीन मिनिटांचा टप्पा ओलांडला. पाठीच्या दमदारपणात 'दुबळ्या' मानल्या गेलेल्या स्त्रियांनी पुरुषांवर अशी मात केली.

हा दम संपतो तेव्हा काय होते? पाठीची कमान होते, मान पुढे येते आणि माणूस नकळत कोपर टेबलावर टेकून त्यावर भार टाकतो. ज्या हाताने काम करायचे, तोच शरीराचा टेकू होऊन बसतो. पकड घट्ट होते, खांदे कानांकडे सरकतात, मनगट वाकते. बोटांना जो थकवा जाणवतो, त्याचा काही भाग असा वरून खाली आलेला असतो.

पोक काढण्याची किंमत

वाकलेल्या पाठीचा भुर्दंड खांद्याला किती बसतो, याचेही मोजमाप झाले आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या खांद्याची हालचाल आणि ताकद आधी ताठ बसवून आणि मग पोक काढून बसवून तपासण्यात आली. पोक काढल्यावर हात बाजूने वर नेण्याची मर्यादा सुमारे २४ अंशांनी घटली आणि हात खांद्याच्या रेषेत असताना लावता येणारा जोर सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाला. माणूस तोच, खांदा तोच. बदलली होती ती फक्त बैठक.

वाचकांना हा प्रयोग घरी करता येईल. खुर्चीत पाठ पूर्ण वाकवून बसा आणि एक हात बाजूने जितका वर जाईल तितका न्या. आता ताठ बसून तोच हात पुन्हा वर न्या. फरक आपोआप जाणवेल.

खेळाडूंच्या बाबतीत हाच हिशेब वेगाच्या भाषेत मांडला जातो. टेनिसच्या सर्व्हिसमध्ये चेंडूला मिळणाऱ्या बळाचा निम्म्याहून अधिक भाग, सुमारे ५४ टक्के, पाय, नितंब आणि धड यांतून येतो, असा अमेरिकी क्रीडावैद्यक डॉ. बेन किबलर यांचा १९९५ मधील निष्कर्ष आहे. खालून येणारा हा पुरवठा घटला, तर तूट खांद्याला आणि कोपराला भरून काढावी लागते. थकलेल्या खेळाडूचा खांदा दुखावण्यामागे हेही एक कारण असते.

रांगत्या बाळापासून दहावीच्या पेपरपर्यंत

हे नाते बाळपणीच दिसू लागते. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ बसू लागते तेव्हा सुरुवातीला ते दोन्ही हात पुढे टेकून बसते. हात टेकूच्या कामात गुंतलेले असतात. धड सावरू लागले की हात मोकळे होतात आणि खुळखुळा या हातातून त्या हातात जाऊ लागतो. फिलिप रोशा या संशोधकाने १९९२ मध्ये पाच ते आठ महिन्यांच्या बाळांचे निरीक्षण केले. स्वतःहून बसू न शकणारी बाळे वस्तूकडे बहुधा दोन्ही हात नेत, तर बसू शकणारी बाळे एकच हात पुढे करण्याकडे वळलेली होती.

शाळकरी वयात प्रश्न येतो तो बाकाचा. बाक उंच आणि मूल ठेंगणे असेल तर पाय लोंबकळत राहतात, धडाला खालून आधार मिळत नाही आणि मूल बाकावर रेलते. अमेरिकेत २००४ मध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मापाच्या टेबल-खुर्चीवर बसलेल्या मुलांनी लहान वस्तू बोटांत फिरवण्याची कामे मोठ्या मापाच्या टेबल-खुर्चीवर बसलेल्या मुलांपेक्षा अधिक चांगली केली. आपल्याकडे अनेक शाळांत एकाच मापाचे बाक सरसकट सर्व वर्गांना वापरले जातात. 'अक्षर नीट काढ' म्हणून मुलाला दटावण्यापूर्वी त्याचे पाय जमिनीला टेकतात का, हे पाहिले तर बिघडणार नाही. दहावीला भाषेच्या पेपरसाठी तीन तास सलग लिहावे लागते. शेवटच्या तासात अक्षर बिघडते तेव्हा बोटांइतकीच पाठही थकलेली असू शकते. सराव परीक्षा अंथरुणावर लोळून न देता टेबल-खुर्चीवर बसून का द्यावी, याचे हेही एक उत्तर आहे.

पक्षाघातानंतर

या विषयाची खरी कसोटी लागते ती पक्षाघाताच्या रुग्णांच्या बाबतीत. पक्षाघातात हात लुळा पडला की घरच्यांचा सारा जीव त्या हातात अडकतो. रुग्ण पलंगावर उशांच्या ढिगाला टेकून अर्धवट लवंडलेला आणि नातेवाईक त्याच्या हातात चेंडू देऊन 'दाबा, दाबा' म्हणत आहेत, हे दृश्य अनेक घरांत दिसते. त्यामागची माया खरी असते. पण पक्षाघाताने धडाचे स्नायूही दुबळे झालेले असतात, हे त्या धावपळीत विसरले जाते.

ब्रिटनमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या रुग्णांना आधी धडाला आधार न देता आणि नंतर आधार देऊन हाताची तीच कामे करायला लावली. आधार मिळताच हाताची कामगिरी सुधारली. विशेष म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींमध्येही आधाराने फरक पडला.

पक्षाघातात धड आणखी एका प्रकारे हाताच्या आड येते. कोपर सरळ होत नसल्यामुळे रुग्ण पेल्यापर्यंत पोहोचण्यासाठी संपूर्ण शरीर पुढे झुकवतो. काम भागते, पण कोपराला सरळ होण्याची सवयच राहत नाही. कॅनडातील मिंडी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा रुग्णांचे धड खुर्चीला पट्ट्याने रोखून धरले, तेव्हा त्यांचा कोपर अधिक उघडू लागल्याचे दिसले. म्हणजे धडाने हाताला आधार द्यायचा असतो, हाताचे काम स्वतःकडे घ्यायचे नसते. ही सीमारेषा प्रत्येक रुग्णागणिक बदलते; म्हणूनच व्यायामाचा क्रम फिजिओथेरपिस्टने ठरवणे श्रेयस्कर.

घरच्यांना मात्र काही गोष्टी लगेच करता येतील. डॉक्टरांनी बसण्याची परवानगी दिली असेल तर हाताच्या व्यायामाच्या वेळी रुग्णाला खुर्चीत बसवावे. कंबर खुर्चीच्या पाठीपर्यंत मागे घ्यावी, दोन्ही पावले जमिनीवर किंवा पाटावर टेकलेली असावीत आणि दुबळा हात समोरच्या टेबलावर आधाराने ठेवावा. रुग्णाला उठवताना तो हात धरून कधीही ओढू नये. दुबळा झालेला खांदा त्याने दुखावतो.

अतिरेकी दाव्यांपासून सावध

कोणतीही नवी कल्पना बाजारात आली की ती रामबाण म्हणून विकली जाते. 'कोअर'चेही तसेच झाले. लंडनमधील ऑस्टिओपॅथ इयल लेडरमन यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या एका बहुचर्चित लेखात कोअर स्टॅबिलिटीच्या अनेक दाव्यांना 'मिथक' ठरवले. धडाच्या खोल स्नायूंना वेगळे प्रशिक्षण देणारे व्यायाम जुनाट कंबरदुखीवर इतर व्यायामांपेक्षा सरस ठरत नाहीत, असे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसून आले. पक्षाघातानंतर धडाच्या व्यायामांनी धडावरील नियंत्रण आणि तोल सुधारतो, याला बराच आधार आहे. हाताच्या कार्याबाबतचा पुरावा तुलनेने कमी भक्कम आहे.

शिवाय मेंदूकडून बोटांच्या बारीक हालचालींकडे जाणारे मार्ग आणि धड सावरणारे मार्ग बऱ्याच अंशी वेगळे आहेत. त्यामुळे धड दुबळे असूनही बोटे कुशल असलेली माणसे आढळतात आणि पोलादी पोटाच्या पैलवानाचे अक्षर गिचमिड असू शकते. धड सुधारले म्हणून सुतारकाम किंवा शिवणकाम आपोआप येत नाही. त्यासाठी हाताचाच सराव हवा. रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मानेतून हातात कळ जात असेल, तर कारण मानेत असू शकते. अशा वेळी पोटाचे व्यायाम करत बसणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

मग करायचे काय?

निरोगी व्यक्तीसाठी उत्तर सोपे आणि बिनखर्चाचे आहे. मॅगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम जगभर वापरले जातात. पहिल्यात उताणे झोपून, एक गुडघा वाकवून, कमरेखाली हात ठेवून डोके व खांदे जेमतेम उचलायचे. दुसऱ्यात कुशीवर वळून कोपराच्या आधारे शरीर सरळ उचलायचे. सुरुवातीला गुडघे टेकलेले चालतील. वसिष्ठासन करणाऱ्यांना हा व्यायाम ओळखीचा वाटेल. तिसऱ्यात हात व गुडघे टेकून एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवायचा. प्रत्येक स्थिती दहा सेकंदांपेक्षा अधिक न धरता काही वेळा करावी. दमदारपणा वाढवायचा तो वेळ ताणून नव्हे, तर आवर्तने हळूहळू वाढवून, हे त्यामागील सूत्र आहे. श्वास मात्र कोंडू नये.

घरोघरी परिचित असलेल्या सूर्यनमस्कारातही शरीर तळहात आणि चवड्यांवर सरळ रेषेत तोलले जाते. ती स्थिती घाईने न उरकता दोन-तीन श्वास धरली, तर धड आणि खांदे यांचे एकत्र काम घडते. ज्यांचे गुडघे साथ देतात, त्यांनी दिवसातील एखादे जेवण किंवा वर्तमानपत्राचे वाचन मांडी घालून, भिंतीला न टेकता करून पाहावे. कार्यालयात दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालणेही थकलेल्या पाठीला पुरेशी उसंत देते. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हाडांचा ठिसूळपणा, अनियंत्रित रक्तदाब किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

हे ध्यानात ठेवा

- हाताने बारीक काम करताना आधी बैठक तपासा. पावले टेकलेली, कंबर मागे, कोपर आधाराने पण भार न टाकता.
- काम करताना पाठ वाकू लागली की ती थकव्याची खूण समजा. ताठ बसण्याची जबरदस्ती करण्यापेक्षा थोडी विश्रांती घ्या.
- मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत असतील तर पायांखाली पाट किंवा ठोकळा द्या.
- पक्षाघाताच्या रुग्णाला चेंडू देण्यापूर्वी नीट बसवा.
- हात अचानक लुळा पडला, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा बोलणे अडखळू लागले, तर व्यायाम, मालिश यांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.